वापरून सांगते

चौबाऱ्यामागच्या बोळीतून घेतलेली निळी टाकी,
दोनशे लिटर, झाकणासकट अकराशे.
दुकानदार म्हणला, मावशी, फुटली तर माझ्या दारात आणून टाका.
फुटली नाही. पण तोटी वर बसवलीय,
वीतभर पाणी कायम तळाशी राहतं.
नळ यायच्या आदल्या दिवशी ते उपसायला
मी कमरेपर्यंत आत वाकते.
उदगीरात टाकी घेणाऱ्यानं
आधी तोटी बघावी, मग रंग.

मी वही ठेवते. डाव्या पानावर वस्तू, उजव्या पानावर खरं.
हे म्हणतात, कोण वाचणार हाय?
म्हणलं, मीच. पुढच्या खेपेला फसताना.

कादंबरी, तीनशे बारा पानं, जाड पुठ्ठा,
बसस्टँडसमोरच्या मैनोद्दीनकडून, वीस टक्के सूट.
नायिका दुःखी आहे. खिडकीत उभी राहते.
त्या घरात सहा माणसं दोन्ही वेळा जेवतात
आणि भांडी कोण घासतं ते शेवटपर्यंत कळत नाही.
मी तेच शोधत वाचली, म्हणून लवकर संपली.
लेखकाला बाईचं मन कळतं, असं मागं छापलंय.
असेल. मोरी कळत नाही.

मिक्सर, साडेसातशे वॅट, दोन वर्षांची गॅरंटी.
शेंगदाण्याची चटणी ह्यात चटणी होत नाही, पीठ होतं,
तेल सुटायच्या आत सगळं उडून झाकणाला.
पहिल्या दिवशी शेवंताबाईनं भिंतीपलीकडून विचारलं,
बोअर पाडायलाव का वो?

दुसरी कादंबरी बारीक, शहाण्णव पानं, चाळीस रुपये.
एक माणूस गावोगाव तराजू दुरुस्त करत फिरतो.
बाकी काही घडत नाही.
पान अठ्ठावीस: दूध उतू गेलं.
पान एकाहत्तर: पुन्हा.
याहून जास्त स्तुती मला येत नाही.

गॅसचा लायटर: काडेपेटी बरी.
पायपुसणं: पायापेक्षा आधी तेच मळतं.

आता तिसरीचं सांगते.
तिच्यात एकशे त्र्याण्णव ते दोनशे आठ पानं दोनदा लागलेली,
आणि पुढं सरळ पुठ्ठा.
बाई पिशवी घेऊन पूर्णा जंक्शनच्या बाकावर बसलीय,
नांदेडकडची गाडी लागलीय,
आणि पुठ्ठा.
मैनोद्दीन कानाला हात लावून म्हणला,
लातूरहून दुसरी मागवतो, पंधरा दिवस द्या.

पंधरा दिवस ती बाई माझ्याकडं होती.
ज्वारी निवडताना मी तिला घरी पाठवली.
कुकरची शिटी मोजताना गाडीत बसवली, खिडकीजवळ.
मग ती दोनदा छापलेली पानं दोनदा वाचली
तेव्हा दिसलं: पान दोनशे तीन,
शेजारीण किल्ली घेताना विचारते, कधी येणार?
आणि ती चपलेचा बंद नीट करत बसते.
पहिल्यांदा मला वाटलं होतं, चपलेचंच काहीतरी असंल.
टाकीत अर्धी वाकलेली होते मी,
तळाच्या पाण्यात माझंच तोंड हलत होतं,
तेव्हा लख्ख कळलं की ही काही परत येत नाही.

नवीन प्रत आली. पानं बराबर, शिलाई बराबर.
दोनशे नवव्या पानावर नवरा येतो, मोटारसायकलवर.
तो सॉरी म्हणतो. ती रडते.
दोनशे बावीसवर ती त्याच्या मागं बसलेली,
पिशवी मांडीवर.

मैनोद्दीन म्हणला, जुनी ठेवा इथं, खराब माल कंपनीला जातो.
म्हणलं, ही घे की परत, नवी.
तो बघतच राहिला. मावशी, हिला तर काहीच झालं नाही.
म्हणलं, तेच की.

उजव्या पानावर लिहिलं: बांधणी सदोष. पैसे वसूल.
त्याखाली:
कपड्याचे चिमटे, एक डझन, पंधरा रुपये.
दोन वाळत घालतानाच तुटले.